‘सिग्नल फेल’ म्हणजे नेमकं काय? गणपतीच्या आराशीतल्या चार सिग्नलांनी शिकवलेला धडा



कामण रोड स्टेशनवर मेमूची वाट बघणं हा आमच्याकडचा जुना उद्योग. वसई रोड ते दिवा या मार्गावर प्रवासी गाड्या दिवसातून मोजक्याच. मालगाड्या मात्र एकामागून एक. कंटेनर लादलेली लांबलचक गाडी सिग्नलसमोर येऊन उभी राहते आणि आपण प्लॅटफॉर्मवर मोबाईल काढून एम-इंडिकेटर उघडतो. तिथे कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘सिग्नल फेल’. विषय संपला.

माझ्या भाच्याचा मात्र संपला नाही. सुट्टीत तो आमच्याकडे आला होता. उभ्या मालगाडीकडे बघत त्याने विचारलं, “मामा, सिग्नल बिघडला की तो लालच का होतो? बिघडून हिरवा का नाही होत?”

मी टेक्नॉलॉजीवर लिहिणारा माणूस, पण पटकन उत्तर देता आलं नाही. ते मिळालं गणपतीत, घरच्या आराशीसाठी चार सिग्नलांचा छोटा रेल्वेमार्ग बनवताना. आणि ते मिळाल्यावर गेल्या काही वर्षांतल्या रेल्वे अपघातांच्या बातम्या मला वेगळ्या दिसायला लागल्या. आजचा लेख त्याबद्दल आहे. यात थोडं इलेक्ट्रॉनिक्स आहे, थोडी रेल्वे आहे आणि माझ्या चार चुका आहेत.

आधी चार रंगांची भाषा

रस्त्यावरचा सिग्नल आणि रेल्वेचा सिग्नल यांत मोठा फरक आहे. रस्त्यावरचा सिग्नल घड्याळावर चालला तरी चालतं. रेल्वेचा सिग्नल पुढचा रूळ रिकामा आहे की नाही ते सांगतो. भरधाव गाडीला थांबायला एक किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त अंतर लागू शकतं. म्हणून लोको पायलटला धोका दिसण्याच्या आधीच कळावा लागतो.

चार निरोप देणारा सिग्नल असा वाचायचा :

- हिरवा : पुढे मोकळं आहे, जा.
- दोन पिवळे : जा, पण पुढच्या सिग्नलवर वेग कमी करावा लागेल अशी तयारी ठेव.
- एक पिवळा : पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा.
- लाल : थांब.

लाल दिवा इथे सगळ्यांत खाली असतो, लोको पायलटच्या नजरेच्या जवळ. रस्त्यावर लाल वर असतो, त्यामुळे मॉडेल बनवताना बरेच जण इथेच चुकतात.

मुंबईला हे रंगीत दिव्यांचे स्वयंचलित सिग्नल नवीन नाहीत. तेव्हाच्या व्हीटी ते भायखळा या भागात ते १९२८ मध्येच आले. मार्ग ठराविक तुकड्यांत वाटलेला असतो, त्या तुकड्यांना ब्लॉक म्हणू. गाडी ब्लॉकमध्ये शिरली की तिच्या पाठचा सिग्नल आपोआप लाल, त्याच्या पाठचा पिवळा, त्याच्या पाठचा दोन पिवळे.

आमचा कारखाना

पुण्यात कोथरूडला ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे’ आहे. भाऊ जोशी यांनी उभं केलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. तिथे छोट्या गाड्या सिग्नलसकट धावताना बघून आल्यापासून भाच्याच्या डोक्यात एकच होतं : यंदा आराशीत रेल्वे पाहिजे, आणि सिग्नल खरे पाहिजेत. नुसते लुकलुकणारे नकोत.

हौशी लोक वापरतात ते १:८७ मापाचं एचओ मॉडेल आमच्या खिशाबाहेरचं. म्हणून खेळण्यातली रिमोटवर चालणारी गाडी घेतली. प्लास्टिकचे रूळ, एक इंजिन, तीन डबे. बाकी सामान आणायला गाड्या बदलत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. एक आर्डुइनो नॅनो, ७४एचसी५९५ नावाच्या दोन चिप, सोळा एलईडी, प्रत्येक एलईडीला ३३० ओहमचा एक रेझिस्टर आणि रुळाशेजारी लावायला चार इन्फ्रारेड सेन्सर.

५९५ चिप कशाला? चार सिग्नल, प्रत्येकी चार दिवे, म्हणजे सोळा वायरी. नॅनोवर तेवढ्या पिना दिव्यांनाच दिल्या तर सेन्सर जोडायला जेमतेमच जागा उरते. दोन ५९५ जोडल्या की आर्डुइनोच्या फक्त तीन पिनांवर सोळा दिवे चालतात. आणि ३३० ओहम का? पाच व्होल्टमधून लाल एलईडी साधारण दोन व्होल्ट घेतो, उरले तीन. तीन भागिले ३३०, म्हणजे सुमारे ९ मिलीअँपियर. दिवा छान दिसतो आणि चिपवर ताण येत नाही.

लॅपटॉप नसेल तरी अडत नाही. ओटीजी केबल आणि आर्डुइनोड्रॉइड ॲप असलं की मोबाईलवरूनच प्रोग्रॅम टाकता येतो. आम्ही तसाच टाकला.

गोल रुळाचे चार ब्लॉक केले आणि प्रत्येक ब्लॉकच्या तोंडाशी एक सिग्नल. प्रोग्रॅमचं डोकं साधं आहे. माझा ब्लॉक भरलेला आहे? लाल. तो रिकामा पण पुढचा भरलेला? एक पिवळा. त्याच्या पुढचा भरलेला? दोन पिवळे. काहीच नाही? हिरवा. चार ब्लॉकमध्ये एकच गाडी फिरत असेल, तर चारही निरोप एकाच वेळी बघायला मिळतात आणि गाडीबरोबर गोल फिरत राहतात. पहिल्यांदा ते चाललं तेव्हा घरातले सगळे जेवण सोडून बघायला आले.

आता चुका.

चूक पहिली : तुटलेली वायर ‘सगळं ठीक’ म्हणाली

मी लावलेला सेन्सर समोर वस्तू आली की निरोप द्यायचा, एरवी गप्प. एका संध्याकाळी तिसऱ्या सेन्सरची वायर निघाली. गाडी तिसऱ्या ब्लॉकमध्ये शिरली, सेन्सर गप्पच. आर्डुइनोला वाटलं गाडी अजून दुसऱ्याच ब्लॉकमध्ये आहे. परिणाम काय? गाडी तिसऱ्या ब्लॉकमध्ये उभी आणि तिच्या पाठीवरचा सिग्नल हिरवागार!

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. सिग्नल बिघडून हिरवा होऊ शकतो. माझा झालाच. खऱ्या रेल्वेत तो सहसा लाल होतो, कारण त्याची रचना तशी केलेली असते.

रेल्वेचं ट्रॅक सर्किट बघा. दोन्ही रुळांतून हलका विजेचा प्रवाह सोडलेला असतो आणि ब्लॉकच्या दुसऱ्या टोकाला एक रिले. प्रवाह पोचतोय, रिले उचललेला आहे, म्हणजे रूळ रिकामा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, प्रवाह मधल्यामधे वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल. गंमत पुढे आहे. वायर तुटली, बॅटरी संपली, रुळाला तडा जाऊन प्रवाह खंडित झाला, तरीही रिले पडतो आणि सिग्नल लालच होतो. ही कल्पना १८७२ ची, अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सनची. ‘मोकळं आहे’ हे सतत सिद्ध करत राहावं लागतं. सिद्ध करता आलं नाही की लाल.

मग आम्ही सेन्सर बदलले. रुळाच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोरच्या बाजूला तो प्रकाश पकडणारा फोटोट्रान्झिस्टर. प्रकाश पोचतोय तोवरच ‘मोकळं’. गाडी आडवी आली, वायर निघाली, एलईडी जळाला, काहीही झालं तरी शेजारचे दोन्ही ब्लॉक लाल. त्याच किमतीत जवळपास तेच सामान, फक्त विचार उलटा.

म्हणजे स्टेशनवर ‘सिग्नल फेल’ ऐकून आपण वैतागतो तेव्हा बहुतेक वेळा यंत्रणेने तिचं काम चोख केलेलं असतं. गाडी उशिरा आली, पण माणसं सुखरूप आली.

चूक दुसरी : गाडी गेली, डबा राहिला

सेन्सर सुधारले, पण एकदा मागचा डबा सुटून पहिल्या ब्लॉकमध्येच राहिला. इंजिन पुढे गेलं, दुसऱ्या सेन्सरने ते पाहिलं आणि आर्डुइनोने पहिला ब्लॉक ‘रिकामा’ करून टाकला. गाडी गोल फिरून आली तेव्हा त्या ब्लॉकचा सिग्नल हिरवा होता आणि पुढे तिचाच डबा उभा. धडक.

गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते, बघितली असेल. ती याचसाठी. फुली दिसली म्हणजे गाडी अख्खी गेली. यंत्राने हेच काम करायचं तर ॲक्सल काउंटर लागतो. ब्लॉकमध्ये किती आस आत गेल्या आणि किती बाहेर आल्या ते तो मोजतो. हिशोब जुळला तरच रूळ रिकामा.

आम्ही डबे मोजले. डबा आला की प्रकाश तुटतो, दोन डब्यांमधल्या फटीत पुन्हा जुळतो. इंजिन धरून चार आत, चार बाहेर, तर मोकळं. चार आत आणि तीन बाहेर, तर लाल.

चूक तिसरी : रीसेट बटण

मोजणीची एक अडचण आहे. कुणाचं बोट सेन्सरमधून गेलं की हिशोब चुकतो आणि ब्लॉक कायमचा लाल होऊन बसतो. म्हणून मी एक रीसेट बटण लावलं. दाबलं की ‘ब्लॉक रिकामा आहे’ असं आर्डुइनोला पटतं.

घरात पाहुणे, लहान मुलं, प्रत्येकाला बोट घालायचं होतं. सिग्नल लाल, भाचा गाडी थांबवणार, मी बटण दाबणार, असं तीनदा झालं. चौथ्यांदा लाल झाला तेव्हा भाचा थांबला होता. मीच म्हणालो, “अरे, नेहमीचंच आहे, जाऊ दे.” बटण दाबलं. या वेळी मात्र खरंच एक डबा सुटला होता. तुंगारेश्वरचा डोंगर म्हणून आम्ही पुठ्ठ्याचा बोगदा केला होता, त्याच्या आत तो उभा होता. पुन्हा धडक, आणि इंजिनाचा पुढचा भाग तुटला.

सेन्सर बरोबर होता, सिग्नलही बरोबर होता. चुकलो मी.

आता खरी घटना बघा. १७ जून २०२४. पश्चिम बंगालमध्ये न्यू जलपाईगुडीजवळ रंगापानीच्या पुढे, सियालदहकडे निघालेल्या कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून कंटेनर मालगाडीने धडक दिली. मालगाडीच्या लोको पायलटसह अनेकांचा जीव गेला. त्या भागातले स्वयंचलित सिग्नल पहाटेपासूनच बिघडलेले होते. म्हणजे ते लाल होते, सुरक्षित बाजूला बिघडलेले. पण गाड्या तर चालवायच्या होत्या. म्हणून स्टेशनवरून लाल सिग्नल ओलांडण्याची परवानगी देणारा कागद, टीए ९१२, लोको पायलटांना दिला जात होता.

स्वयंचलित सिग्नलवर ‘ए’ अक्षराची गोल पाटी असते. असा सिग्नल लाल असेल तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबून, मग अतिशय सावधपणे पुढे जाण्याची मुभा आहे. नीट दिसत असेल तरी वेग जास्तीत जास्त ताशी १५ किलोमीटर. कांचनजंगा एक्स्प्रेस तशीच थांबत थांबत चालली होती. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दिसलं ते असं : दिलेला कागद या परिस्थितीसाठी योग्य नव्हता, वेग किती ठेवायचा ते त्यावर नव्हतं, आणि वेगवेगळ्या लोको पायलटांनी त्याचे वेगवेगळे अर्थ काढले. त्या सकाळी तिथून गेलेल्या इतर गाड्यांनीही ही वेगमर्यादा पाळली नव्हती. हा अपघात कधीतरी होणारच होता, अशा अर्थाचं मत आयुक्तांनी नोंदवलं.

सुरुवातीला मात्र बातम्यांत ‘लोको पायलटने सिग्नल तोडला’ एवढंच फिरत होतं. मरण पावलेल्या माणसावर दोष टाकणं सोपं असतं. मी तर घरात बसून, कुठलीही घाई नसताना, तीन खोट्या लाल दिव्यांनंतर चौथ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

चूक चौथी : दिवे बरोबर, जागा चुकीची

गणपतीच्या आदल्या रात्री पाट हॉलमध्ये हलवताना सगळे कनेक्टर काढले आणि पुन्हा लावले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिग्नलच्या वायरींची अदलाबदल झाली. चारही निरोप झळकत होते, गोल फिरत होते, पाहुणे फोटो काढत होते. दुसऱ्या दिवशी भाच्याने विचारलं, “मामा, गाडी इथे आहे, मग हिच्या मागचा सिग्नल हिरवा कसा?” आर्डुइनोचा हिशोब अचूक होता. फक्त तो चुकीच्या खांबावर दिसत होता.

२ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात जे झालं, ते याच जातीचं, पण अतिशय भयंकर. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल होता. सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला. तिथे मालगाडी उभी होती. त्या धडकेत आणि पाठोपाठ शेजारच्या रुळावरून जाणाऱ्या गाडीच्या टकरीत २९० हून अधिक माणसं गेली. चौकशीत कारण निघालं सिग्नलच्या सर्किटमधल्या बदलांचं : आधी कधीतरी केलेल्या फेरफारातल्या त्रुटी आणि त्या वेळी फाटक क्रमांक ९४ चा अडसर बदलण्याच्या कामात झालेल्या चुका. सांधा कुठे आहे याबद्दल यंत्रणेलाच चुकीची माहिती मिळत होती. त्याआधी १६ मे २०२२ ला त्याच दक्षिण पूर्व रेल्वेत, बांकडा नयाबाज स्टेशनात, वायरिंगच्या चुकीमुळे गाडी भलत्याच मार्गावर गेल्याची घटना घडली होती. तेव्हाच सगळीकडचं वायरिंग तपासलं असतं तर पुढचं टळलं असतं, असं अहवालाचं म्हणणं.

अपघातानंतर रेल्वेने सिग्नलच्या रिले खोल्यांना दुहेरी कुलूप लावण्याचे आदेश दिले. एकट्या माणसाने परस्पर आत जाऊन वायरींना हात लावू नये म्हणून. आम्ही आमच्या पाटावर प्रत्येक कनेक्टर वेगळ्या रंगाचा केला. आणि नियम ठरवला : वायरीला हात लागला की गाडी हळूहळू पूर्ण फेरी फिरवायची, प्रत्येक ब्लॉकला थांबवायची, आणि दिवा काय सांगतो ते रुळावर खरंच आहे का, दोघांनी बघायचं.

मग ‘कवच’चं काय?

अपघात झाला की सोशल मीडियावर पहिला प्रश्न हाच. कवच ही आपल्याकडे बनलेली स्वयंचलित गाडी-संरक्षण यंत्रणा. रुळांमध्ये आरएफआयडी टॅग, इंजिनात संगणक, मार्गालगत रेडिओ टॉवर. लाल सिग्नल जवळ आला आणि लोको पायलटने ब्रेक लावला नाही तर कवच लावतं. दक्षिण मध्य रेल्वेवर सुमारे १,४६५ किलोमीटरवर ते आधी बसलं. त्याची ४.० आवृत्ती जुलै २०२४ मध्ये मंजूर झाली आणि जुलै २०२५ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावरच्या मथुरा-कोटा टप्प्यात सुरू झाली. मुंबईच्या लोकलमध्ये लाल सिग्नल ओलांडला जाऊ नये म्हणून एडब्ल्यूएस ही जुनी यंत्रणा बऱ्याच वर्षांपासून आहे.

कवच हवंच. माझ्या तिसऱ्या चुकीसारख्या, माणसाने लाल दिवा ओलांडण्याच्या चुकांवर ते मोठा इलाज आहे. पण सिग्नल लाल आहे की हिरवा, हे कवचला सिग्नल यंत्रणेकडूनच कळतं. तिथली वायर खोटं बोलत असेल तर कवचलाही तेच खोटं ऐकू येणार. चौथ्या चुकीवर इलाज म्हणजे नीट आखलेले नकाशे, लेबल लावलेल्या वायरी, काम झाल्यावरची तपासणी आणि ती करायला पुरेसा वेळ व पुरेशी माणसं. या गोष्टींचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्यांची बातमीही होत नाही.

पुढची बातमी वाचताना

‘सिग्नल बिघाडामुळे अपघात’ अशी हेडलाइन दिसली की फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा. सिग्नल बिघडून लाल झाला होता की चुकून हिरवा? लाल असेल तर गाडी पुढे नेण्याची परवानगी कुणी, कोणत्या नियमाने दिली? आणि त्या आधीच्या काही दिवसांत तिथे दुरुस्तीचं काम झालं होतं का? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत ‘ड्रायव्हरची चूक’ हे वाक्य कुणाच्याही तोंडी शोभत नाही.

आमच्या पाटावर रीसेट बटण अजून आहे, पण आता त्यावर झाकण आहे. बोगद्यात डोकावून बघितल्याशिवाय ते उघडायचं नाही, हा भाच्याचा नियम. सुट्टी संपवून परत जाताना आम्ही कामण रोडला उभे होतो. पुढे मालगाडी थांबलेली, मेमूला उशीर, शेजारचे काका घड्याळ बघत पुटपुटत होते, “काय हे, परत सिग्नल फेल.”

भाचा त्यांना म्हणाला, “काका, लाल आहे ना? मग ठीक आहे.”